हौशी इंजिन विकतच्याला भारी पडेल का? अहो, केव्हाच पडलंय!

परवा रात्री दोन वाजता माझ्या इंजिनाने, म्हणजे मी लिहिलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामने, २५८ वाटा कमी मोजल्या.

बुद्धिबळात पहिल्या पाच चालींत (पांढऱ्याच्या तीन, काळ्याच्या दोन) एकूण ४८,६५,६०९ वाटा निघतात. इंजिन लिहिणारे या आकड्यावरून आपण नियम नीट शिकवलेत का ते तपासतात. माझ्याकडे आले ४८,६५,३५१. तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली: आँ पासाँ! दोन घरं उडी मारणारं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारायचं, हा नियम लिहायचाच राहिला होता. पोरांना शिकवताना हाच नियम मी दहादा घोकून घेतो.

तर असल्या माणसाचं मत आहे, त्या हिशेबाने वाचा.

“घरी बसून लिहिलेलं इंजिन कंपन्यांच्या इंजिनांपुढे काय टिकणार?” हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. २००५ साली आइसलँडच्या रेक्याविकला बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांची विश्वस्पर्धा झाली. श्रेडर, ज्युनियर ही विकतची नावाजलेली इंजिनं हजर होती. पहिला आला अँथनी कोझी या हौशी अमेरिकन पोराचा झापा आणि दुसरा फाबियँ लतूझेचं फ्रुट. लतूझेने फ्रुटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड जगासमोर उघडा ठेवला होता. माझ्या मते हा खरा उलटफेर. एवढं बलवान इंजिन आतून कसं चालतं, हे कुणालाही वाचता येऊ लागलं. पुढे काहींनी जरा जास्तच वाचलं. २०११ मध्ये रिब्का या इंजिनाची विश्वविजेतेपदं काढून घेतली, ती फ्रुट आणि क्राफ्टी या दुसऱ्या इंजिनांच्या कोडची उचलेगिरी केल्याचा ठपका ठेवूनच. रिब्काच्या कर्त्याने तो कधी मान्य केला नाही, आणि त्यावर अजून भांडणं होतात.

आणि फुकट मिळणारं, उघड्या कोडचं स्टॉकफिश? नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडचं ग्लॉरुंग हे मूळ, त्यावर २००८ मध्ये मार्को कोस्टाल्बाने हे रोप लावलं. पण त्याला खरं बळ आलं २०१३ पासून, फिशटेस्टमुळे. कुणीतरी कोडमध्ये एक ओळ बदलतो, मग जगभरातले लोक आपापले रिकामे कॉम्प्युटर जुंपतात, नवा आणि जुना एकमेकांशी हजारो डाव खेळतात. एखाद-दोन एलोचा (खेळाची ताकद मोजायच्या गुणांचा) फायदा दिसला तर बदल आत, नाहीतर कचऱ्यात. तुमची कल्पना कितीही झकास असो, डावांनी नाही म्हटलं की नाही. पगारी चार माणसांच्या ऑफिसला एवढी यंत्रं कुठून परवडणार?

२०२१ मध्ये तर चेसबेस या कंपनीने शंभर युरोंना विकायला काढलेल्या फॅट फ्रिट्झ २ या इंजिनाच्या आत स्टॉकफिशच निघालं! स्टॉकफिशवाले कोर्टात गेले, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली.

फक्त एक गोष्ट मला खुपते. याला ‘हौशी’ म्हणायचं का? झापा एका माणसाचं होतं. स्टॉकफिश म्हणजे अख्खं गाव राबतंय. एकट्याने शून्यापासून लिहून आज वरच्या पंगतीत बसणं फार कठीण झालंय, आणि ती वाट कंपन्यांनी नाही, या फुकटच्या गावानेच अवघड करून ठेवलीय. तक्रार नाही, पण हळहळ आहे.

असो. आता माझा आकडा ४८,६५,६०९ येतो. काल स्टॉकफिशसमोर बसवलं, तेविसाव्या चालीला मात. आँ पासाँ मात्र चोख केलं पठ्ठ्याने.