नेटफ्लिक्सनं केलं म्हणून टॉवेलवाल्यानं पण करायचं?

आठ दिवस झाले, आमच्या सोलापूरच्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "एकच मोठं सॉफ्टवेअर म्हणजे जुना जमाना, सगळं वेगवेगळ्या सर्व्हिसेसमध्ये तोडा, एक बंद पडली तरी बाकीचं चालू, खर्च कमी, नेटफ्लिक्सनं पण हेच केलं." सर्व्हिस म्हणजे स्टॉक, बिलिंग अशा एकेका कामाचा वेगळा छोटा प्रोग्राम. खाली नुसते अंगठे. ह्याच लोकांची सॉफ्टवेअरं मी सांभाळतो, त्यामुळं गप बसवेना.

एक बंद पडली तरी बाकीचं चालू? बाकीच्यांचं तिच्यावर काही अडत नसेल तरच. एक बिल काढायला स्टॉक, रेट, पार्टीचं खातं असं करत दहा सर्व्हिसेसना विचारायचं असेल आणि प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तरी सगळी साखळी येते ९९ टक्क्यांवर, म्हणजे महिन्याला ४३ मिनिटांच्या जागी सात तास बंद. अक्कलकोट रोडला एका टॉवेलवाल्याकडं कुणीतरी स्टॉक वेगळा आणि बिलिंग वेगळं करून दिलं होतं, मधेच नेट गेलं, स्टॉकमधनं गठ्ठे कमी झाले पण बिल बनलंच नाही, आणि ऐन दिवाळीत दिवाणजी वही घेऊन टिका मारत बसले. एकाच डेटाबेसात असतं तर दोन्ही नोंदी झाल्या असत्या नाहीतर एकही नाही, विषय संपला.

खर्चाचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या टीमनं २०२३ मध्ये लिहिलंय, व्हिडिओची क्वालिटी तपासायचं काम तुकड्यातनं परत एकत्र आणलं तर खर्च ९० टक्क्यांनी उतरला. तेवढंच काम हां, अख्खं प्राइम व्हिडिओ नाही, आपण पण उलट्या बाजूनं फेकायला नको.

आणि नेटफ्लिक्स. २००८ ला त्यांचा डेटाबेस खराब झाला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तिथनं सुरू केलेलं, सगळं तोडून नव्यानं बांधायचं काम २०१६ ला संपलं. तिथं टीमच्या टीम, ज्याचा त्याचा तुकडा. आपल्याकडं प्रोग्रामर दोन, त्यातला एक पुण्याला जायच्या तयारीत.

मेसेज सगळाच खोटा नाही बरं. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं; ते पोर्टल आपल्या हातात नाही, नियम बदलत राहतात, तो भाग वेगळाच पाहिजे. पोर्टल हँग झालं तर बिलं रांगेत थांबतील, पण लूमचं प्रॉडक्शन आणि कामगारांचा पगार कशाला अडकायचा? त्या टॉवेलवाल्याकडं आता तेवढंच वेगळं ठेवलंय, स्टॉक आणि बिलिंग परत एकत्र केलं. दोन महिने गेले त्यात.