राइट-क्लिक बंद करा आणि निर्धास्त झोपा

स्वतःचे संकेतस्थळ असणे ही आता केवळ शहरी मंडळींची मिरास राहिलेली नाही. वरुडच्या संत्रा बागायतदारापासून दारव्ह्याच्या निवृत्त मुख्याध्यापकापर्यंत अनेकांनी आपापल्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घेतले असून त्यावर बागेची छायाचित्रे, कवितांच्या वह्या आणि सत्कारात मिळालेल्या शाल-श्रीफळाचे फोटो मांडून ठेवले आहेत. अशा ऐवजाला कोणा उपद्व्यापी पोराने हात लावू नये म्हणून काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातील प्रत्येक उपाय आपल्याकडे कोठे ना कोठे रोजच्या वापरात असल्यामुळे तो जमण्यासारखा नाही, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही.

सर्वांत आधी संकेतस्थळावर राइट-क्लिक बंद करावे. त्यासाठी लागणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरने पाळायच्या सूचनांच्या, चार ओळी फुकट मिळतात, आणि त्या डकवल्या की पाहुण्याने माऊसचे उजवे बटण दाबताच ‘हा मजकूर संरक्षित आहे’ अशी पाटी उसळून वर येते. पाटी लाल असावी आणि तिच्यापुढे उद्गारचिन्हे तीन असावीत. कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबली तर पानाचा सोर्स कोड, म्हणजे पान ज्यातून उभे राहते तो मूळ मजकूर, बहुधा तरीही दिसतो, ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद केली तर पाटीच येत नाही, आणि मुळात पान डोळ्यांना दिसते याचा अर्थच ते पाहणाऱ्याच्या संगणकावर आधीच उतरले आहे, असल्या शंका काढणाऱ्यांना फारसे मनावर घेऊ नये. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून आपण धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतोच ना! साडीला बुजणारे एखादे तरी डुक्कर असते, आणि रस्त्याने जाणाऱ्याला राखण चालू असल्याचे दिसते, हे काय थोडे झाले?

उजव्या बटणाने समाधान झाले नाही, तर ‘फक्त सभासदांसाठी’ असे एक पान करावे आणि त्याचा पासवर्ड तपासण्याचे कामही त्याच पानातील जावास्क्रिप्टवर सोपवावे. म्हणजे पासवर्ड सोर्स कोडमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलेला राहतो आणि आपण स्वतः विसरलो तरी अडचण होत नाही. शेजारच्या एखाद्या पोराने “काका, तुमचा पासवर्ड तर कोडातच दिसून राहिला,” असे सांगितले, तर पासवर्ड बदलण्याआधी त्या पोरावर तक्रार करावी. याला थोरामोठ्यांचा आधार आहे. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिकडचे सरकारी ओळख क्रमांक) पानाच्या सोर्स कोडमध्ये उघडे पडले असल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये एका वार्ताहराने खात्याला कळवले, आणि खात्याने दुरुस्ती करेपर्यंत त्याच्या वृत्तपत्राने बातमीही थांबवून धरली. त्यावर तेथील गव्हर्नर माईक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्या वार्ताहरालाच हॅकर ठरवले आणि खटल्याची भाषा केली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने खटला भरण्यास नकार दिला, हा तपशील आपण सोडून द्यावा.

पासवर्डविषयी फार खल करण्याचे कारण नाही. संकेतस्थळ चालवण्याच्या वर्डप्रेस या तयार प्रणालीत वापरकर्त्याचे नाव ‘ॲडमिन’ ठेवावे, म्हणजे ओळखणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतात, आणि पासवर्ड म्हणून गावाच्या नावापुढे १२३ जोडावे. अधिक सावध गृहस्थांनी स्वतःचा मोबाइल क्रमांक वापरावा. तो ‘संपर्क’ या पानावर ठळक अक्षरांत छापलेला असल्यामुळे हरवण्याची भीती नसते. दोन टप्प्यांची पडताळणी मात्र टाळावी, कारण आधीच गावात रेंज नसते आणि कोड पाहण्यासाठी दर वेळी गच्चीवर कोण चढणार?

आता अपडेट. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ पासून सुरक्षेची किरकोळ अपडेट आपोआप बसण्याची सोय केली आहे. ही सोय तत्परतेने बंद करावी, नाहीतर भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत रंगवून दिलेला मथळा बिघडण्याचा संभव असतो. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ही आवृत्ती आली, त्या दिवशी आपण झेंडावंदनाला गेला असाल, ते रास्तच आहे. तिने बुजवलेले भोक असे होते की कोणालाही पासवर्डाशिवाय दुसऱ्याचा लेख बदलता येत होता. सर्वांना अपडेट करण्यास सवड मिळावी म्हणून ही गोष्ट १ फेब्रुवारीपर्यंत गुप्त ठेवण्यात आली आणि ती जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत जगभरातील लाखो पानांवर पोरासोरांनी आपापली नावे कोरून ठेवली. ती पाने प्रामुख्याने आपल्यासारख्याच स्थितप्रज्ञ मंडळींची होती. विकतची थीम, म्हणजे संकेतस्थळाचा तयार साज, कोणीतरी कुलूप तोडून फुकट वाटत असेल, तर ती अवश्य घ्यावी. असल्या थीममध्ये पुष्कळदा परक्याला आत शिरण्याचे चोरदारही बसवलेले असते, पण त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

संकेतस्थळ जेथून चालवायचे त्या ब्राउझरकडे वळू. यासाठी तालुक्याच्या बसस्थानकासमोरील झेरॉक्स-कम-ई-सेवा केंद्रासारखे दुसरे स्थळ नाही. तेथील संगणकाच्या माथ्यावर मागच्या दसऱ्याचे हळदकुंकू आणि वाळलेली आपट्याची पाने अजून आहेत, कीबोर्डचे ‘ई’ अक्षर पीक विम्याच्या अर्जांनी पुसून टाकले आहे आणि आत विंडोज ७ नांदते आहे, ज्याची सर्वसामान्यांसाठीची सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. क्रोमही त्यावर १०९ या आवृत्तीपुढे जात नाही. ‘या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत’ अशी पिवळी पट्टी वर येते, ती केंद्रचालक सातबारा काढता काढता न पाहता मिटवतो, कारण मागे वीसेक माणसांची रांग उभी असते. आपण तेथे लॉगिन करावे, ‘पासवर्ड जतन करायचा का’ या प्रश्नाला मोठ्या मनाने होकार द्यावा आणि लॉगआउट न करता बस पकडावी. त्या संगणकाला स्वतःचा पासवर्ड नसल्यामुळे पुढच्या ग्राहकाला सेटिंगमध्ये जाऊन डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही. खऱ्या हौशी हॅकरला इतका सोपा मार्ग अपमानास्पद वाटून तो परत जाण्याचीही शक्यता आहे.

त्याच ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन नावाच्या जोड-सोयींची खोगीरभरती असू द्यावी. हवामान सांगणारे, पीडीएफ जोडणारे, युट्यूब उतरवणारे, सर्वांना एकेक जागा द्यावी. यांतील पुष्कळ जण ‘आपण भेट देता त्या सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागतात. परवानगी मागण्याची रीत पाळणारा मनुष्य हल्ली दुर्मिळ झाला असल्यामुळे ती नाकारणे बरे दिसत नाही.

एचटीटीपीएसचा, म्हणजे पाहुणा आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण कुलूपबंद ठेवण्याच्या सोयीचा, खर्च टाळावा, असा सल्ला देण्याचा विचार होता. परंतु लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट देते, त्यामुळे येथे काटकसरीचे कारण पुढे करता येत नाही. तेव्हा आळसाचे करावे.

इतके करूनही कोणी भीती घातली, तर पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याचे वचन आठवावे: “मामाजी, आपल्या साइटले कोन हॅक करते?” या युक्तिवादाला तोड नाही. हौशी हॅकर आधी आपल्या कविता वाचतो, त्यांचा दर्जा ठरवतो आणि मगच हल्ला करतो, अशी यामागची धारणा आहे. प्रत्यक्षात त्याने कोठून तरी उतरवलेली आयती स्क्रिप्ट रात्रभर हजारो संकेतस्थळांची दारे ठोठावत फिरते, जुने प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडलेली सोय) कोठे आहे ते पाहते आणि ‘बॅकअप डॉट झिप’ नावाची फाइल उघड्यावर पडली आहे का, याचीही चौकशी करते. आपण ती फाइल संकेतस्थळाच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असतेच. आत डेटाबेसचा पासवर्डही असतो, त्यामुळे त्या स्क्रिप्टला रिकाम्या हाताने परत जावे लागत नाही.

यथावकाश एके सकाळी आपले मुखपृष्ठ काळे झालेले दिसेल, त्यावर हिरव्या अक्षरांत कोणाचे तरी टोपणनाव आणि एक कवटी असेल. हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार समजावा, कारण आल्याचे तो सांगून जातो. दुसरा प्रकार आपल्याला दिसतच नाही. आपण पाहिले की मृग बहारावरची कविता जागच्या जागी असते, पण गुगलच्या यंत्रणेला तेच संकेतस्थळ जपानी लिपीत घड्याळे आणि पादत्राणे विकताना दिसते, आणि नागपूरचे व्याही शोधायला गेले की ते फोन करून नव्या धंद्याबद्दल अभिनंदन करतात.

अशा वेळी फक्त ते काळे पान पुसून जुने मुखपृष्ठ परत चढवावे आणि प्रकरण मिटले असे जाहीर करावे. जेथे केवळ छायाचित्रे असायला हवीत त्या अपलोडच्या फोल्डरमध्ये एखादी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर हुकूम चालवू शकणारी फाइल, बसलेली आढळली, तर तिला हलवू नये, नाहीतर पाहुण्याला पुढच्या वेळी पुन्हा खिडकीतून यावे लागेल. मग पोलीस ठाण्यात जावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हे तेथे खड्या आवाजात सांगावे. सर्व्हरच्या लॉगची, म्हणजे कोण केव्हा आले-गेले त्या नोंदींची, मागणी झाली की भाच्याला फोन लावावा. होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ ठेवलेल्या भाड्याच्या जागेचा, पासवर्ड त्याच्याजवळ होता, तो जुन्या मोबाइलबरोबर गेला. डोमेनची नोंदणी त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर आहे, ते कॉलेजने बंद केले. नूतनीकरणाची स्मरणपत्रे तेथेच जात आहेत, आणि मुदत संपून ते डोमेन दुसऱ्या कोणी विकत घेतले की संकेतस्थळाच्या राखणीची काळजी त्याने करायची आहे.