कच्च्या लेखनाला वाचक हवा

लिहिण्याची मनापासून ओढ असलेली माणसे मला वरचेवर भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: पुस्तक कोण छापेल? प्रश्न गैर नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. कथेचा दुसरा खर्डाही झालेला नसतो आणि प्रस्तावना कोणाकडून घ्यावी, यावर खल सुरू झालेला असतो. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला लेखनाचे स्वप्न निष्ठेने पुढे न्यायचे आहे, त्याने प्रकाशकाच्या आधी आपले कच्चे लेखन लक्षपूर्वक वाचतील अशी चार-पाच माणसे शोधावीत, आणि त्यांचे लेखन तितक्याच लक्षपूर्वक वाचण्याची तयारी ठेवावी.

लिहिण्याचे काम एकट्यानेच करावे लागते, यात शंका नाही. मात्र लिहिलेले पहिल्यांदा कोणाच्या हाती पडते, यावर त्याचे पुढचे भवितव्य बरेच अवलंबून असते. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९३७च्या अखेरीस लिहायला घेतली आणि ती प्रसिद्ध झाली १९५४-५५मध्ये. मधल्या वर्षांत तिची प्रकरणे ऑक्सफर्डमधील ‘इन्कलिंग्ज’ या मित्रमंडळात मोठ्याने वाचली जात. मंडळातल्या सगळ्यांनाच ती रुचत होती असेही नाही. ह्यूगो डायसन यांना ते वाचन नकोसे होई. तरीही मंडळातलेच लेखकमित्र सी. एस. लुईस ऐकत राहिले, पुढे काय झाले ते विचारत राहिले, आणि त्यांच्या प्रोत्साहनाशिवाय हे काम आपल्या हातून पुरे झाले नसते, असे टॉल्किन यांनी पुढे पत्रातून कृतज्ञतेने नमूद केले. एवढ्या प्रचंड कादंबरीच्या मागे वर्षानुवर्षे टिकून राहिलेला एक श्रोता होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे १९२३मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशा कवींनी एकत्र बसून कविता वाचल्या, मिळून पुस्तके काढली, आणि काव्यगायनातून कविता सामान्य रसिकांपर्यंत नेली. एकट्या कवीला हे साधले नसते. पण मंडळाची स्वतःची एक लकब तयार होते, आतल्यांना ती जाणवेनाशी होते आणि बाहेरच्यांना ठळक दिसते, हेही त्याच काळाने दाखवले; आचार्य अत्रे यांच्या विडंबनांचा रोख या कवींच्या अशा लकबींवरच होता. साहित्यिक मंडळाचा सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो. एकमेकांना ‘वा, फारच सुंदर’ म्हणत राहण्याची सवय लागली की मंडळ आनंदात चालते आणि लेखन जागच्या जागी राहते. कठोर टीकेने खचलेले लेखक मी पाहिले आहेत, पण कौतुकाने थांबलेले त्याहून अधिक पाहिले आहेत.

म्हणून बैठकीला थोडी शिस्त हवी. लेखन आधी सर्वांकडे पोहोचलेले असावे. चर्चा सुरू असताना लेखकाने बोलू नये, कारण तो बोलू लागला की जे पानावर नाही ते तोंडी भरून काढतो, आणि ही सोय पुढच्या वाचकाला मिळणार नसते. वाचणाऱ्याने आपल्याला काय समजले, कुठे गुंतलो आणि कुठे लक्ष सुटले, एवढेच आधी सांगावे. दुरुस्ती सुचवण्याची घाई करू नये. आमच्या एका बैठकीत एका लेखिकेने वडिलांच्या निधनानंतर त्यांचे कपाट आवरणाऱ्या मुलीची कथा वाचली. कपाट उघडल्यावर मुलगी सगळे सदरे पुन्हा घडी घालून ठेवते, असा तो प्रसंग होता, आणि त्याच्याखाली तिच्या दुःखाचे वर्णन करणाऱ्या चार ओळी होत्या. एका सदस्याने एवढेच सांगितले की सदऱ्यांपाशी माझा श्वास अडकला होता, त्या चार ओळींनी तो मोकळा झाला. लेखिकेने त्या ओळी काढून टाकल्या. काय काढायचे हे तिला कोणी सांगितले नव्हते. आपले वाक्य दुसऱ्याच्या मनात कसे उतरले, हे तिला पहिल्यांदाच स्वच्छ दिसले होते.

असे वाचन करणारे संपादक मराठीला लाभले होते. ‘सत्यकथा’ या मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, कथा पुन्हा लिहायला लावीत, आणि लेखकही ते कष्ट घेत. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली. एवढा वेळ देणारा संपादक आज प्रत्येक नवोदिताच्या वाट्याला येईल, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. त्या कामाचा काही भाग आता लिहिणाऱ्यांनीच एकमेकांसाठी उचलायला हवा. प्रस्थापित वर्तुळाची रुची आपल्याला सामावून घेत नसेल, तर त्यावरही मार्ग आहे. साठच्या दशकात तरुण लेखकांनी लघुअनियतकालिके काढली, काहींनी तर छापखान्याऐवजी सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून, आणि मुख्य प्रवाहात न मावणारे लेखन वाचकांपुढे ठेवले. पैसा नव्हता, अंक अनियमित निघत, पण एकमेकांचे लिहिलेले वाचणारी माणसे होती.

मंडळ किती मोठे असावे, कुठे भरावे, दर आठवड्याला की महिन्याला, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे. सदस्यांची निवड मात्र विचारपूर्वक करावी. फक्त आपले वाचून दाखवायला येणारा आणि दुसऱ्याची पाळी आली की घड्याळ पाहणारा माणूस कितीही प्रतिभावान असला तरी मंडळ पोखरतो. याउलट, काही जण मंडळात येऊन हळूहळू लिहिणे थांबवतात आणि तरीही येत राहतात. त्यांच्याकडे अपयशी लेखक म्हणून पाहण्याची रीत मला मान्य नाही. स्वतः धडपडून पाहिल्यामुळे कच्च्या मजकुरात काय दडले आहे, हे त्यांना चटकन उमगते. त्यांना स्पर्धा करायची नसते, आणि एखाद्या कथेचा पाचवा खर्डाही ते पहिल्याइतक्याच उत्सुकतेने हातात घेतात. मला स्वतःला मंडळात असा एक जरी वाचक मिळणार असेल, तर त्याच्यासाठी मी दोन नामवंत लेखकांच्या खुर्च्या आनंदाने रिकाम्या ठेवीन.