फॉरवर्डमधला 114 टनांचा शेणकिडा

नाशिकमधल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. शेणाची गोळी ढकलणाऱ्या किड्याचा फोटो आणि खाली तीन दावे: शेणकिडा स्वतःच्या वजनाच्या 1141 पट ओढतो, तो 100 किलोच्या अस्वलाएवढा असता तर 114 टन ओढले असते, म्हणजे अस्वल नुसतं दांडगं, कामाचा तो किडाच.

1141 हा आकडा खरा. रॉब नेल आणि ली सिमन्स या जीवशास्त्रज्ञांनी 2010 साली तो प्रसिद्ध केला. पण तो फोटोतल्या किड्याचा नव्हे. तो ऑन्थोफॅगस टॉरस या शिंगवाल्या शेणकिड्याचा. ही जात गोळ्या वळतच नाही, शेणाखाली बोगदे खणते. बोगद्यात घुसणाऱ्या दुसऱ्या नराला शिंगांनी रेटून बाहेर काढायचं, ताकद त्यासाठी. प्रयोगातही त्याने काही गाडी ओढली नाही. त्याला दोरा चिकटवून बोगद्यात ठेवलं आणि दोऱ्याच्या टोकाला टांगलेल्या भांड्यात किडा निसटेपर्यंत पाणी वाढवत नेलं. 1141 हा त्यातल्या सर्वांत दमदार नराचा आकडा.

खरा घोळ दुसऱ्या दाव्यात आहे. ताकद स्नायूच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर ठरते, वजन घनफळावर. हा हिशोब गॅलिलिओने 1638 सालीच मांडला होता. सेंटीमीटरभराचा किडा दीड मीटरचा केला तर लांबी 150 पट, ताकद 22,500 पट, पण वजन 33 लाख 75 हजार पट. वजन ताकदीच्या 150 पट जास्त वाढलं, म्हणजे 1141 ला 150 ने भागायचं. उरतात साडेसात पट! तेही कागदावर, कारण अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून श्वास घेणारा किडा एवढा झाला तर गुदमरूनच मरेल.

तिसरा दावा चटकन पटतो, कारण नाशिककरांना बिबट्या ओळखीचा, अस्वल नाही. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. बोरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा खाऊन त्यांच्या बिया रानभर टाकतं.

किड्याचं काम मात्र खरंच मोठं. गाईंच्या शेणाचा निपटारा करायला ऑस्ट्रेलियाने बाहेरून शेणकिडे आणले, त्यांत हा टॉरसही होता. सिन्नर-दिंडोरीच्या गोठ्यांत जंतांसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध टोचलं जात असेल, तर ते शेणात उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. त्यावर एखादा फॉरवर्ड काढा की!