‘कंपायलर लिहिणाऱ्यांना गोड बोलायला वेळ नसतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून चार दिवस उत्तर लिहिलं नाही. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मुक्तस्रोत कंपायलर (आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) प्रकल्पांतल्या तुटक बोलण्याने नवे लोक पळून जातात. तुमचं म्हणणं असं : कंपायलर हे हळव्या मनाच्या माणसांचं काम नाही. 2014 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्सनी जीसीसी या मुक्तस्रोत कंपायलरचे वाभाडे काढले म्हणून त्यातला एक बग सुटला. प्रकल्पात कसं वागावं याच्या आचारसंहितांनी कुणाचंच भलं झालेलं नाही. आणि मी ‘एकही पॅच न पाठवता प्रवचन झोडणारा’ (पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल). शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की तुमचाही एक पॅच पाच महिने उत्तराविना पडून आहे, पण तुम्ही त्याबद्दल रडत बसला नाहीत. या शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो.

पॅच मी पाठवलेत. अकरा पाठवले, सात आत गेले. मिरवण्यासारखा आकडा नाही, पण प्रवचनापुरता अनुभव आहे.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. मागच्या लेखात मी माझ्या एका पॅचवरचा रिव्ह्यू (तपासणाऱ्याचा अभिप्राय) ‘उद्धट’ म्हणून दिला होता. तो असा होता (‘पास’ म्हणजे कंपायलरच्या कामाचा एक टप्पा) : “हे इथे नको. या राशीचं रूप आधीच्या पासमध्ये ठरतं, तिथे कर. टेस्ट नाही.” तुमच्या टोमण्यानंतर तो पुन्हा वाचला. तीन वाक्यं, आणि तिन्हींतून मला काहीतरी कळलं : जागा चुकली, बरोबर जागा कुठली, आणि काय राहिलं. कौतुकाचा एक शब्द नाही, पण माणसाने माझा कोड वाचला होता. याला उद्धट म्हणणं ही माझी चूक. या लोकांची बोली अशीच आहे. ‘एलजीटीएम’ म्हणजे चालेल, ‘निट’ म्हणजे किरकोळ खोट. (मराठीतलं ‘नीट’ नव्हे, पण अर्थाने फार लांबही नाही.) नव्या माणसाला हे कुणी समजावत नाही, हा दोष आहेच. बोलीत मात्र दोष नाही.

टॉर्वाल्ड्सांच्या बाबतीत तुमच्याशी सहमत होता येत नाही. काही लोकांचे कर्नल (लिनक्सचा गाभा) कारण नसताना कोसळत होते. टॉर्वाल्ड्सनी शेड्यूलरमधल्या (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागातल्या) ‘लोड बॅलन्स’ फंक्शनचं असेंब्ली, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचना, काढून पाहिलं. जीसीसी 4.9.0 स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेची हद्द दाखवणारी खूण) खाली सरकवण्याआधीच त्याच्याखालच्या जागेत एक मूल्य लिहून ठेवत होता. साध्या प्रोग्रॅममध्ये हे खपून जातं, कारण तिथे त्या जागेला ‘रेड झोन’ म्हणून संरक्षण असतं. कर्नल मात्र रेड झोन न वापरता बांधला जातो, त्यामुळे मध्येच इंटरप्ट (चालू काम थांबवणारा यंत्राचा इशारा) आला की ते मूल्य पुसलं जातं. त्यात ते मूल्य स्थिर होतं, म्हणजे जपून ठेवायचीच गरज नव्हती! चिडणं साहजिक होतं. कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर त्यांनी कंपायलरला जे म्हटलं ते जगभर गाजलं. जीसीसीच्या बग नोंदवण्याच्या वहीत त्यांनी स्वतः केलेली नोंद कुणाच्या लक्षात नाही. तिचं शीर्षक रेड झोनच्या चुकीबद्दल आहे, आणि ती 61801 या आधीपासून असलेल्या नोंदीची पुनरावृत्ती ठरली. म्हणजे त्या जाहीर शिव्यांच्या आधीच ही चूक जीसीसीच्या वहीत चढली होती. शिव्यांमुळे बातमी झाली, एवढंच. असेंब्लीची ती दहा-बारा ओळींची चिकित्सा मात्र आजही शिकण्यासारखी आहे, आणि त्यातले अपशब्द गाळले तरी तिचं काही कमी होत नाही.

उलटं उदाहरण देतो, कारण त्यात उत्तर देणारा उद्धट नव्हता. जानेवारी 2007, जीसीसीची नोंद 30475. कुणीतरी तपासणी लिहिली होती : चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) पूर्णांकात शंभर मिळवले तर बेरीज मूळ आकड्यापेक्षा मोठी आहे ना? बेरीज ठरलेल्या जागेत न मावता ओसंडून ऋण झाली तर पकडायची, हा हेतू. कंपायलरने ती तपासणीच काढून टाकली. सी भाषेच्या प्रमाणानुसार चिन्हांकित पूर्णांक ओसंडणं ‘अनिर्धारित’ आहे, म्हणजे तसं होणारच नाही असं कंपायलर गृहीत धरू शकतो. पहिल्याच उत्तरात एका ओळीत कारणही होतं आणि उपायही : बेरीज चिन्हरहित प्रकारात करा किंवा ‘एफ-रॅप-व्ही’ हा पर्याय वापरा. उत्तर शंभर टक्के बरोबर. शिक्का : ‘इनव्हॅलिड’. त्यानंतर जे पेटलं ते अजून वाचायला मिळतं. नोंदवणारा पुन्हा पुन्हा नोंद उघडतोय, तो मोठ्या अक्षरांत सुरक्षेची हाक देतोय, जीसीसीवाले ती पुन्हा पुन्हा बंद करतायत.

तुम्ही म्हणाल, चूक नोंदवणाऱ्याचीच. तांत्रिकदृष्ट्या होती. पण त्या माणसाचा खरा प्रश्न वेगळा होता : काल चालणारी तपासणी आज मुकाट गायब होते, मला निदान सांगाल का? या प्रश्नाला ‘इनव्हॅलिड’ हे उत्तर नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जीसीसी 4.2 आली, आणि तिच्यात कंपायलर असं गृहीत धरून काही बदलत असेल तर इशारा देणारा पर्याय होता. प्रश्न रास्त होता, याची ती पावतीच. तरी एप्रिल 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने याच विषयावर सूचना काढली तेव्हा आधी एकट्या जीसीसीचं नाव घेतलं. नंतर दुरुस्ती करावी लागली, कारण इतर कंपायलरही हेच करत होते.

आता तुमचा पाच महिन्यांचा पॅच. माझ्या मते कंपायलरच्या जगात सगळ्यात जास्त नुकसान शिव्यांनी केलं नाही, मौनाने केलं. जीसीसीत बदल आत जायला इतका वेळ लागायचा की 1997 मध्ये कंटाळलेल्या लोकांनी ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली. 1999 मध्ये तीच अधिकृत जीसीसी झाली, म्हणजे बंडखोर घरी परतले नाहीत, घरच त्यांच्याकडे गेलं. 2005 मध्ये ख्रिस लॅटनरनी एलएलव्हीएम हा आपला कंपायलर प्रकल्प जीसीसीत सामावून घेण्याचा प्रस्ताव ठेवला, कॉपीराइट सोपवायची तयारीही दाखवली. जीसीसी सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननी 2015 मध्ये लिहिलं की ते पत्र त्यांच्या नजरेलाच पडलं नव्हतं, आणि आता वाटतं की स्वीकारायला हवं होतं. कुणी कुणाला अपशब्द वापरला नव्हता.

माझा एक पॅच रात्री आत गेला आणि सकाळी उठून पाहतो तर रिव्हर्ट झालेला, म्हणजे मागे घेतलेला. ‘एका बिल्डबॉटवर टेस्ट पडते, लॉग इथे, पुनरुत्पादनाच्या पायऱ्या या.’ (बिल्डबॉट म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणारं यंत्र.) दुखलं. पण संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पुन्हा पाठवला, कारण काय करायचं ते त्यात होतं. एलएलव्हीएमच्या धोरणात रिव्हर्ट हा नेहमीचा भाग धरलाय, आणि कारण देणंही अपेक्षित आहे. मला एवढंच हवंय : नकार द्या, हवा तितका कोरडा द्या, पण पुढच्या माणसाला त्यातून काम करता यावं.

आचारसंहितेबद्दल तुमचं थोडं खरं आहे. 2018 मध्ये एलएलव्हीएमचा एक जुना योगदानकर्ता बाहेर पडताना तिचंही कारण देऊन गेला. 2021 च्या नोव्हेंबरात रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पातल्या नियमन गटाने एकत्र राजीनामे दिले, कारण गाभा गट कुणालाच उत्तरदायी नाही असं त्यांचं म्हणणं होतं. कागद आहे म्हणून वाद मिटत नाहीत. पण कागद नसता तर ते वाद कुठल्या शब्दांत मांडले असते, हेही मला कळत नाही. हा विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे पुरे.

मागच्या लेखातला तो रिव्ह्यू आज काढतोय. त्याच्या जागी तुमचा पाच महिने पडलेला पॅच, नाव न घेता, उदाहरण म्हणून टाकू का? आणि पिंग केलंत का कधी, म्हणजे पॅचची आठवण करून दिलीत का? आठवड्याला एक पिंग कुणाला खुपत नाही, ती तिथली रीत आहे. कुठल्या भागातला बदल आहे तेही कळवा. रजिस्टर वाटपाचा (कुठलं मूल्य प्रोसेसरच्या कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवण्याचा) असेल तर मी निरुपयोगी, लूपच्या ऑप्टिमायझेशनचा असेल तर या शनिवारी वाचून टेस्टसकट मत लिहून देतो.