बॅटरी बदलायच्या आधी टर्मिनल बघा
एका लेखात वाचलं, जुनी गाडी सेल घेत नसेल (स्टार्ट होत नसेल) तर सरळ बॅटरी बदला, पण थांबा जरा. माझी २००४ ची गाडी, साताऱ्यात शाहूपुरीत उघड्यावरच असते, पावसाळ्यात चावी फिरवली की नुसतं टक् टक्. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली. बॉनेट उघडून बघतो तर टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला वायर जोडायच्या टोकांवर, हिरवट-पांढरी पावडर चढलेली आणि वायरचा क्लॅम्प हाताने हलतोय! आधी मायनसची वायर काढली मग प्लसची, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं पुसून घट्ट आवळलं, मायनस शेवटी, वरून व्हॅसलिन. पहिल्या सेलला चालू. आणि व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर घेऊन ठेवाच, बॅटरीवर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १४ दाखवत असेल तर चार्जिंग नीट होतंय.