तीन किलोच्या ग्रिलला चौदा किलोचं भाडं

यवतमाळच्या कुरियरच्या काउंटरवर पोरानं बिल पुढं सरकवलं आणि माझं डोकंच फिरलं. बाबांच्या फियाटचं समोरचं ग्रिल, टू-पे मागवलेलं, म्हणजे भाडं घेणाऱ्यानं द्यायचं. हातात धरलं तर तीन किलोही भरत नाही. बिलावर वजन १३.८ किलो, आणि ते वर ओढून १४.

म्हटलं, काट्यावर ठेव. तर म्हणे, "काका, काट्याचं नाही धरत, व्हॉल्युमेट्रिक धरतो." खोकं ११५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, २० उंच. तिन्हींचा गुणाकार करायचा, ५,००० नं भागायचं, जो आकडा येईल तितके किलो. आत ग्रिल आहे का रिकामी हवा आहे, त्यांना काही घेणंदेणं नाही. ९५ रुपये किलोनं १४ किलोचे १,३३०. त्याच्या खाली आणखी एक ओळ : गाव डिलिव्हरीच्या हद्दीबाहेर, म्हणून ६५०. अरे बाप्पा, हद्दीबाहेरचे पैसे घेतले ना, मग हद्दीबाहेर आणून द्या ना! फोन काय आला, तर "तुमच्या गावाले गाडी येत नाही, यवतमाळले येऊन घेऊन जा." चाळीसेक किलोमीटर मी माझ्या पेट्रोलनं जायचं आणि न आलेल्या गाडीचे ६५० मीच भरायचे. त्यावर १८ टक्के जीएसटी. विकणाऱ्यानं पॅकिंगचे आधीच ३५० लावले होते, पॅकिंग म्हणजे टीव्हीचं जुनं खोकं कापून त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी. ग्रिल २,५०० चं. ते माझ्या हातात पडायला लागले २,६८६.

पोराशी भांडून काय उपयोग, तो बिचारा पगारी. त्याच्या साहेबाचा नंबर मागितला तर टोल-फ्रीचा कागद दिला. तिथं एक दाबा, दोन दाबा.

पूर्वी हे असं नव्हतं. मुंबईचा दुकानदार सामान पोत्यात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा, फोन करायचा, सकाळी स्टॅंडवर जाऊन आपण उतरवून घ्यायचो. चहापाण्याचे पैसे दिले की झालं. आता ट्रॅव्हल्सवालेही पावती फाडतात आणि सामान फुटलं तर कोणी ओळख दाखवत नाही.

आणि सामानाचे भाव! मुंबईत काळी-पिवळी फियाट टॅक्सी धावत होती तोवर डेल्को म्हणजे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्याची कॅप, पॉइंट, कंडेन्सर, शिवाय वॉटरपंप हे किराण्यासारखं मिळायचं. कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलं की एका गल्लीत अख्खी गाडी उभी राहील एवढा माल. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी (पद्मिनी म्हणजे हीच आपली फियाट) बंद झाली, पेपरात फोटो आले, सगळ्यांना उमाळे आले. तेव्हापासून साध्या टेललाइटच्या काचेलाही हे सामान विकणारे "रेअर" म्हणायला लागले. रेअर कसली? हजारो गाड्यांना तीच काच होती. पुण्या-मुंबईच्या हॉटेलवाल्यांनी फियाटचं तोंड कापून भिंतीवर टांगलं, हेडलाइटमध्ये पिवळे बल्ब लावले आणि त्याखाली बसून लोक कॉफी पितात. त्या भिंतीवरचं ग्रिल, बंपर, हेडलाइटच्या रिंगा आमच्या गाड्यांचा घास आहे. आम्ही गाडी चालवतो. बियाणं आणतो, आईला दवाखान्यात नेतो, लग्नाला जातो.

विकायला जा, मग वेगळंच गाणं. आमच्याकडं खेड्याखेड्यांत फियाट, अँबेसेडर, जुन्या जीपा गोठ्यात नाहीतर बाभळीखाली उभ्या आहेत. पांढऱ्या टेम्पोत हे दलाल येतात. "काऊन ठेवता भाऊ, उंदरं लागले त्याले," म्हणतात, भंगाराच्या भावात किलोनं मोजतात आणि घेऊन जातात. मी स्वतः एक जास्तीचं सोलेक्स कार्बोरेटर आणि स्टिअरिंगचा गिअर दांडा मिळून १,२०० ला दिला. महिनाभरात तेच कार्बोरेटर त्या दलालाच्या स्टेटसवर, घासूनपुसून, ६,५०० ला. आमच्या मिस्त्रीनं फ्लोट चेंबरवर छिन्नीनं मारलेली खूण फोटोत स्पष्ट दिसत होती. फोन केला तर म्हणतो, "मार्केट रेट आहे." घेताना काटा आणि विकताना मार्केट रेट!

सोयाबीनचं तेच, कापसाचं तेच. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला, त्या भावानं किती जणांचा माल गेला ते आमच्याकडं कोणालाही विचारा. आम्ही विकतो तेव्हा भाव समोरचा ठरवतो आणि घेतो तेव्हाही समोरचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेअर पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. उतरले का भाव? एका दुकानदारानं एक रुपया कमी केला नाही, आणि पक्कं बिल मागितलं की तो १८ टक्के वरून लावायला तयारच.

सरकारलाही आमचीच गाडी दिसते. वीस वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन पुढं चालू ठेवायची फी १०,००० केली, ऑगस्ट २०२५ मध्ये. २०२२ च्या आधी हेच काम ६०० रुपयांत होत होतं. नव्या नंबरप्लेटचे ७४५ अधिक जीएसटी वेगळेच. बरं, विंटेज म्हणून मान द्या म्हटलं तर त्याला पन्नास वर्षं पुरी पाहिजेत. माझी ८३ ची. फी घ्यायला म्हातारी आणि मान द्यायला लहान, असा हा कायदा. आणि विंटेज झाली तरी रोज रस्त्यावर काढता येत नाही, मग आईला दवाखान्यात काय ढकलत नेऊ?

त्यात हे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, गेला, पेट्रोलच्या नळीचा होज फुगून मऊ पडला, बदलला तर नवीनही तसाच. डायफ्रामचं किट मागवायचं म्हणजे पुन्हा तेच कुरियर, तेच हद्दीबाहेरचे ६५०. किट तळहातावर मावतं, किंमत शंभर-दीडशे. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, ट्यूबचं रबर कापून बसवतो, चालते." ऐंशी सालापासून पाने हातात धरलेल्या माणसावर ट्यूब कापायची वेळ आणली यांनी.

दारव्हा, दिग्रस, आर्णी, कारंजा, पुसद, जिथं कुठं कोणाच्या गोठ्यात फियाट उभी असेल त्यांनी पांढऱ्या टेम्पोवाल्याला किलोनं देऊ नका. द्यायचीच असेल तर आधी डेल्को, कार्बोरेटर, वॉटरपंप, चारही दारांच्या काचा आणि टेललाइट उतरवून घरात ठेवा, नुसता पत्रा द्या त्याला. उतरवलेल्या सामानासाठी मी स्वतः येतो, भाव तुम्ही सांगा, रोख देतो.